मैदानाला कुलूप नको, कारभारी हवा



मागच्या पावसाळ्याच्या शेवटी चाकणजवळच्या आमच्या वस्तीतील एक ठाकर मुलगी कबड्डी खेळता खेळता पाय धरून खाली बसली. टाचेत बाटलीची काच घुसली होती. आम्ही तिला दवाखान्यात नेले. तीन टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले. जखम पंधरा दिवसांत भरली, पण तिची आई मला म्हणाली, "ताई, आता नाय पाठवायची मी तिला मैदानावर. घरात बसलेली बरी."

मुलगी सातवीत आहे. तिची चढाई पाहून शाळेतले सर तिला तालुक्याच्या स्पर्धेसाठी तयार करत होते. एका काचेच्या तुकड्याने ते थांबले. म्हणून या अंकात मी आपल्याशी एका साध्या विषयावर बोलणार आहे: सगळ्यांच्या मालकीचे मैदान कसे वापरावे आणि कसे राखावे.

मुलीला घरी सोडल्यावर मी वस्तीत विचारत फिरले, "हे मैदान कोणाचे?" कोणी म्हणाले शाळेचे, कोणी ग्रामपंचायतीचे, कोणी तरुण मंडळाचे. व्यायामाची यंत्रे एका कंपनीने दिली, म्हणून एकाने कंपनीचे नाव घेतले. "आमचे" असे मात्र एकानेही म्हटले नाही.

कुलूप लावून काय होते

वडीलधाऱ्यांनी लगेच उपाय सांगितला, "फाटक करा आणि कुलूप लावा." रात्री दारू पिणाऱ्यांचा त्रास खरा होता, त्यामुळे हे बोलणे मला पटलेही. पण मी अशी कुलूपबंद मैदाने पाहिली आहेत. ज्याच्याकडे किल्ली असते त्याची माणसे आत खेळतात. मोठी मुले भिंतीवरून उडी मारून जातात, बाटलीवालेही तसेच जातात. बाहेर राहतात त्या मुली आणि लहान मुले. आपली आदिवासी मुले तर पहिल्यांदा बाहेर राहतात, कारण किल्ली मागायला कोणाच्या दारात जावे हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक नसते.

चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या पट्ट्यात कारखान्यांमागोमाग वस्त्या वाढल्या. भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातून, आंबेगाव-जुन्नरमधून ठाकर, महादेव कोळी, कातकरी कुटुंबे बांधकामावर, वीटभट्टीवर किंवा कंत्राटी कामावर येतात. दहा बाय दहाची खोली आणि दारासमोर कंटेनरचा रस्ता. मोशी-चाकणकडे आता तासाच्या भाड्याने मिळणारी टर्फ पुष्कळ झाली आहेत, पण तिथले एका तासाचे भाडे या मुलांच्या आईच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त असते. ज्याला परवडते त्याला मैदानाचा पर्याय आहे. या मुलांना नाही. सार्वजनिक मैदान बिघडले की त्यांचा खेळच संपतो.

खेळ ही चैन आहे असे कोणी म्हणाले तर सांगावे की संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील ३१ वे कलम खेळण्याच्या हक्काचे आहे आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शाळेला क्रीडांगण हवे असे लिहिले आहे. आणि कविता राऊत आठवावी. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची ही आदिवासी मुलगी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक घेऊन आली. डोंगरवाटांनी तिच्या पायांना बळ दिले, पण पुढच्या सरावासाठी तिलाही नाशिकचे मैदान लागले.

आधी जागा कोणाची ते शोधा

देखभालीची पहिली पायरी झाडू नसून कागद आहे. जागा कोणाच्या ताब्यात आहे ते कळले की तक्रार कुठे करायची आणि परवानगी कोणाची घ्यायची हे कळते.

पिंपरी-चिंचवड पालिकेच्या हद्दीतील मैदान, उद्यानातील व्यायामाची यंत्रे, बॅडमिंटन हॉल यांची तक्रार पालिकेच्या 'सारथी' हेल्पलाइनवर ८८८८००६६६६ या क्रमांकावर करता येते. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा, नाहीतर पाठपुरावा करता येत नाही. निगडी-आकुर्डीकडच्या जुन्या प्राधिकरणाच्या जागांबाबत आधी चौकशी करा. प्राधिकरण २०२१ मध्ये पीएमआरडीएत विलीन झाले आणि काही कारभार पालिकेकडे गेला. एमआयडीसीतील मोकळ्या जागेसाठी एमआयडीसीचे कार्यालय. शाळेचे मैदान असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती. शाळा सुटल्यानंतर वापरायचे असेल तर त्यांची लेखी परवानगी घ्या.

गावात ग्रामसभा हीच जागा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभांना आपली माणसे जातात, पण मागे बसून परत येतात. मैदानाचा विषय आधी लेखी द्या आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला का ते पाहा. तोंडी सांगितलेले सरपंच बदलला की विसरले जाते.

वापराची शिस्त

एकाच मैदानावर क्रिकेट, कबड्डी, सायकल शिकणे आणि आजोबांचा फेरफटका हे सगळे एकाच वेळी चालले की दुखापत आणि भांडण होणारच. ज्यांचा आवाज मोठा ते मैदान घेतात. म्हणून वेळापत्रक हवे आणि ते भिंतीवर रंगाने लिहिलेले हवे. आमच्या वस्तीत शाळा सुटल्यावरचा पहिला तास मुलींचा आणि दहा वर्षांखालील मुलांचा ठरला. उजेड असतानाची वेळ त्यांना द्या. अंधार पडल्यावरची वेळ मुलींना दिली तर ती न दिल्यासारखीच.

लग्न, जत्रा, गणपती, सभा यांसाठी मैदान लागते, त्याला नाही म्हणू नये. २०२० साली नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर कोरोना रुग्णांसाठी जम्बो रुग्णालय उभे राहिले होते. गरजेला मैदान असे उपयोगी पडते. पण मांडव निघाल्यावर खड्डे, खिळे आणि थर्माकोल कोण उचलणार, हे मांडव घालण्याआधी ठरले पाहिजे. त्यासाठी अनामत रक्कम घ्यावी, मैदान पूर्ववत झाल्यावर परत द्यावी. गाडी, टेम्पो आत आणायचा नाही हा नियम सर्वांना सारखा हवा. जून २०२१ मध्ये बालेवाडीच्या क्रीडा संकुलात बैठकीला आलेल्या मान्यवरांच्या गाड्या धावपट्टीवर उभ्या राहिल्या. त्याचे छायाचित्र सगळीकडे फिरले आणि क्रीडा आयुक्तांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. जिथे १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या तिथे हे घडले, तर आपल्या मैदानावर टेम्पो येणारच. त्याला अडवणारे कोणीतरी हवे.

बूट-चपलांचेही भान हवे. बॅडमिंटनच्या लाकडी फरशीवर बाहेरचे बूट घालून जाऊ नये. बुटाला चिकटलेली वाळू सँडपेपरसारखी पॉलिश घासते, मग फरशी घसरडी होते. तिथे डाग न पाडणाऱ्या तळव्याचे वेगळे बूट लागतात. आणि गुटखा कुठेही नको.

मातीचे मैदान कसे राखावे

आपली बहुतेक मैदाने मातीची आहेत, आणि मातीचे मैदान पैशापेक्षा रोजच्या हाताने टिकते.

रोज खेळाआधी सगळ्या खेळाडूंनी हाताच्या अंतरावर एका रांगेत उभे राहून मैदान चालत पार करावे आणि दिसेल तो खडा, काच, खिळा उचलावा. पाच मिनिटे लागतात. चाकणच्या पट्ट्यात आणखी एक धोका आहे. छोट्या वर्कशॉपमधून लोखंडाचे छिलके आणि वॉशर भरावाबरोबर मैदानात येतात आणि मातीत डोळ्यांना दिसत नाहीत. आमच्या वस्तीतील एका कामगार भावाने जुन्या स्पीकरचे लोहचुंबक फळीला बांधले, फळीला दोरी लावली आणि ती मैदानभर ओढली. पहिल्या दिवशी वाटीभर लोखंड निघाले. आता दर रविवारी मुले हे काम खेळासारखे करतात.

कबड्डीचे मैदान पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर आणि महिलांसाठी १२ बाय ८ मीटर असते. ही जागा नीट राखली तरी पुष्कळ झाले. माती चाळून घ्यावी, संध्याकाळी हलके पाणी मारावे, ओल मुरली की रोलर फिरवावा. रोलर नसेल तर सिमेंट भरलेला पाइपचा तुकडाही चालतो. पाणी मारल्याने धूळ दबते, आणि धूळ दबली की दमेकरी मुलालाही खेळता येते. मैदान मध्यभागी किंचित उंच आणि कडेला चर असा उतार द्यावा. पावसाळ्यात टाच रुतत असेल तर खेळ बंद ठेवावा. ओल्यात खेळून पडलेले खड्डे वाळले की दगडासारखे होतात आणि त्यात घोटे मुरगळतात.

रेषा फक्कीने आखाव्यात. कळीचा चुना मुळीच वापरू नये. तो घामाने भिजला की कातडी भाजतो आणि डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. पैसे वाचवण्यासाठी काही ठिकाणी तो वापरतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

खो-खोच्या खांबांना दर महिन्याला हात फिरवून पाहावे. फूस निघाली असेल तर घासून तेल लावावे. व्हॉलीबॉलची जाळी खेळ संपल्यावर सैल करून काढून ठेवावी. उन्हापावसात राहिलेली जाळी लवकर कुजते, आणि ताणलेल्या जाळीमुळे खांब आत वाकतात.

लोखंडाकडे दुर्लक्ष करू नका

काच टाच कापते, पण खांब जीव घेतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात रोहतकजवळ आणि बहादुरगडला बास्केटबॉलचा खांब अंगावर पडून दोन किशोरवयीन खेळाडू दगावले. सरावाला आलेली मुले होती ती.

असा खांब वरून चांगला दिसतो. तो सडतो तो जमिनीशी, जिथे लोखंड काँक्रीटमध्ये शिरते. तिथे पाणी साचते आणि रंगाच्या आतून गंज लागतो. म्हणून पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक खांबाची तपासणी करावी. बुडाजवळची माती बाजूला करून पाहावे, हातोडीने हलके ठोकावे. आवाज बद्द आला, पापुद्रे सुटले किंवा खांब हलला तर त्याच दिवशी तो भाग दोरीने बंद करावा आणि लेखी तक्रार द्यावी. "कोणी येईल तोवर खेळू द्या" असे म्हणू नये. बास्केटबॉलच्या कड्याला लोंबकळायचे नाही, फुटबॉलच्या गोलवर चढायचे नाही, आणि उचलून ठेवायचा गोल असेल तर त्याच्या मागच्या दांडीवर वाळूची पोती ठेवायची.

उघड्यावरची व्यायामाची यंत्रे मोठ्यांसाठी असतात. लहान मुले त्यांचा झोपाळा करतात आणि सांध्यात बोटे चिरडतात. झुलणाऱ्या यंत्रापासून लहानांना दूर उभे करा. फिरत्या भागांना महिन्यातून एकदा ग्रीस आणि सगळ्या नट-बोल्टना पाना लागला पाहिजे. यंत्र करकरू लागले की ते ग्रीस मागत असते. तसेच चालवले तर बेअरिंग जाते, आणि मग शंभर रुपयांच्या ग्रीसऐवजी हजारोंचा खर्च येतो. या पट्ट्यात घरोघरी फिटर आहेत. महिन्याला एक तास मागितला तर नाही म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. इतकेच की कोणी मागत नाही.

पैसा कुठून

२०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ व्या कलमानुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळांचे प्रशिक्षणही आहे. चाकणला अशा कंपन्यांची कमतरता नाही. पण अनुभव असा की नवीन यंत्र बसवून फीत कापायला निधी मिळतो, ग्रीसला मिळत नाही. म्हणून अर्ज करताना वस्तूबरोबर तीन वर्षांची देखभालही मागा आणि ती वर्षाला किती, कशासाठी हे लिहून द्या. चार यंत्रांऐवजी दोनच मिळाली तरी चालतील. बंद पडलेल्या चार यंत्रांपेक्षा चालणारी दोन बरी.

रोजच्या खर्चाला मात्र कंपनीची वाट पाहू नये. फक्की, झाडू, ग्रीस, सुतळी एवढेच लागते. आमच्याकडे घरटी दहा रुपये महिना ठरले. ज्या घराला जमत नाही ते एक रविवार श्रमदान करते. हिशेब फळ्यावर लिहितो, कारण वहीतला हिशेब सगळ्यांना दिसत नाही आणि न दिसणाऱ्या हिशेबातून संशय वाढतो.

कारभारी कोण

बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या हॉलमध्ये जेम्स नेस्मिथ यांनी शोधला. तेही धर्मशास्त्र शिकलेले होते. सुरुवातीला कड्याच्या जागी फळांच्या टोपल्या होत्या. टोपलीला बूड असल्यामुळे प्रत्येक गोलनंतर कोणीतरी शिडीवर चढून चेंडू काढून द्यावा लागे. आजही मैदानाचे तेच आहे. खेळ चालू राहावा असे वाटत असेल तर कोणीतरी शिडीवर चढले पाहिजे.

बायबल कॉलेजात कारभारीपणावर दहा गुणांचा प्रश्न असायचा. वस्तू मालकाची, पण तिचा हिशेब कारभाऱ्याने द्यायचा, हे उत्तर मी पाठ केले होते. ते समजले चाकणला आल्यावर. मैदान शासनाचे असो वा शाळेचे, हिशेब ते वापरणाऱ्यांनी द्यायचा आहे.

आम्ही सात जणांची समिती केली. तीत दोन खेळणाऱ्या मुली, एक आई, एक शिक्षक, तरुण मंडळाचे दोघे आणि एक फिटर आहेत. तरुण मंडळाला मुद्दाम घेतले. रात्री मैदानावर बसणारी मुले त्यांच्याच ओळखीची होती, आणि जे काम आमच्या विनवण्यांनी झाले नसते ते त्यांच्या एका शब्दाने झाले. फाटकाला कुलूप लावले नाही. साहित्याच्या पेटीला लावले. तिची किल्ली दर महिन्याला दुसऱ्या घरी जाते आणि कोणाकडे आहे ते फळ्यावर लिहिलेले असते. बाटल्या पूर्ण बंद झाल्या असे मी म्हणणार नाही. गेल्याच आठवड्यात दोन सापडल्या. मैदानाच्या कोपऱ्यातील दिवाही तीन अर्ज देऊन अजून लागलेला नाही, आणि चौथा अर्ज तयार आहे.

पहिल्या रविवारी आम्ही मैदान साफ केले तेव्हा त्या मुलीची आई कडेला उभी राहून पाहत होती. काम झाल्यावर तिने चपला काढल्या. काहीही न बोलता, अनवाणी, खाली पाहत तिने सगळ्या मैदानाला एक फेरी मारली. मग कबड्डीच्या चौकोनातून दोनदा आडवी गेली. चपला घालताना म्हणाली, "येऊ दे उद्यापासून. पण ताई, फेरी रोज मारा."

आम्ही रोज मारतो. तालुक्याची या वर्षीची स्पर्धा हुकली, पुढच्या वर्षीची आहे. आपल्या घराजवळही असे एखादे मैदान असेल. या रविवारी तिथे जाऊन खांबाच्या बुडाशी एकदा पाहा, आणि मुलांसाठी व आमच्या चौथ्या अर्जासाठी प्रार्थनेत आठवण ठेवा.